तीन लिफाफे



दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारची गोष्ट. विहारात वंदना आटोपून घरी आलो, तो वहिनी ओट्यावर बसलेल्या. चेहरा खुललेला. मला पाहताच म्हणाल्या, "भाऊजी, पोराचं नशीब उघडलं बघा. बसल्या जागी पाच हजार रुपये मिळतायत."

मी चपला काढता काढता विचारलं, "कशाचे?"

"ती त्याची कॉम्प्युटरची किल्ली नाही का, सहीची? ती दोन दिवस साहेबांच्या ऑफिसात ठेवायची. बाकी काही करायचं नाही."

वहिनींच्या लेखी 'साहेब' म्हणजे गावातले मोठे ठेकेदार. मराठवाड्यातले वाचक गुत्तेदार म्हणतात. आमच्या थोरल्या भावाचा हा मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. भाऊ गेल्यावर वहिनींनी धुणीभांडी करून त्याला शिकवलं. दोन वर्षं नोकरी नाही म्हणून त्याने सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून ठेकेदारीची नोंदणी केली आणि ती डिजिटल सहीची किल्ली घेतली. पेनड्राइव्हएवढी वस्तू. ती कॉम्प्युटरला लावून पासवर्ड टाकला की त्याची सही झाली, असं कायदा मानतो.

मी पोराला आत बोलावलं. "काम कोणतं रे?"

तो खाली बघून म्हणाला, "आपल्याच वस्तीतलं, काका. विहारामागच्या गल्लीचा काँक्रीटचा रस्ता."

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पोराचा राग आला म्हणून नव्हे, माझीच एक जुनी गोष्ट आठवली म्हणून. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

मी चौतीस वर्षं एका नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात शिपाई होतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. निविदेचा कोरा फॉर्म पैसे भरून विकत घ्यायचा, दर भरायचा, बयाणा रकमेचा ड्राफ्ट जोडायचा, लिफाफ्याला लाख लावायची आणि कचेरीतल्या लोखंडी पेटीत टाकायचा. दुपारी तीनला पेटी उघडायची. मी लिफाफे टेबलावर मांडायचो, साहेब फोडायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय चोख कारभार आहे! पण खरी निविदा समोरच्या हॉटेलात सकाळी दहालाच उघडलेली असायची. चारपाच ठेकेदार चहा पीत बसायचे. या खेपेला हे काम तुझं, पुढचं त्याचं. ज्याचं काम त्याने दर भरायचा, बाकीच्यांनी त्याच्याहून चढा भरायचा. याला ते 'रिंग' म्हणत. लिफाफे तीन, पण शाई एकाच दौतीतली.

रिंगमध्ये नसलेला कोणी फॉर्म घ्यायला आलाच, तर त्याला परतवायचं काम खालच्या माणसाकडे यायचं. एकदा आपल्याच समाजातला एक गृहस्थ आला. त्याने पंधरावीस गवंडी-मजूर जमवून मजूर सहकारी संस्था काढली होती. धोतर, डोक्याला टोपी, हातात घडी केलेल्या नोटा. बाबूंनी मला डोळ्याने खुणावलं आणि मी त्याला म्हणालो, "फॉर्म संपले." फॉर्म कपाटात होते. त्याने माझ्याकडे बघितलं, "जयभीम" म्हणाला नि निघून गेला. संध्याकाळी मला हॉटेलातून भज्यांची पुडी मिळाली. ती मी घरी आणली आणि पोरांनी खाल्ली.

पुढे २०१४ च्या सुमारास राज्यात तीन लाखांवरच्या कामांना ई-निविदा सक्तीची झाली. आम्हाला वाटलं, आता हॉटेल बंद पडणार. 'महाटेंडर्स' या सरकारी संकेतस्थळावर कोणीही घरबसल्या जाहिरात पाहावी आणि दर भरावा. सुधारणा झाली, नाही असं नाही. आज कोणताही शिपाई "फॉर्म संपले" म्हणू शकत नाही. पण हॉटेल बंद पडलं नाही. ते ठेकेदाराच्या ऑफिसात गेलं. तिथे एका ड्रॉवरमध्ये आठदहा पोरांच्या किल्ल्या पडलेल्या असतात, चिठ्ठीवर पासवर्ड लिहिलेले. एकच मुनीम एकाच खुर्चीवर बसून तीन माणसांच्या नावाने तीन निविदा भरतो.

तीनच का? पहिल्या वेळी तीनपेक्षा कमी निविदा आल्या तर मुदत वाढवावी लागते किंवा काम पुन्हा जाहीर करावं लागतं. नियम चांगल्या हेतूने केला आहे. पण त्याचा परिणाम असा की ज्याला काम हवं त्याला सोबत दोन नावं लागतात. आमच्या पोराचं नाव त्या दोनांपैकी एक होणार होतं.

कामाचे तुकडे पाडायचे म्हणजे ई-निविदेची भानगडच नको, हा दुसरा रस्ता. सलग रस्ता कागदावर 'भाग एक', 'भाग दोन' होतो. ई-निविदेची मर्यादा पुढे वाढवली गेली, तशी कात्रीही मोठी झाली. तिसरा रस्ता अटींचा. 'कनिष्ठ अभियंत्याकडून जागा पाहिल्याचा दाखला जोडावा' अशी अट घातली की कोण कोण निविदा भरणार हे दर उघडण्याच्या आधीच सगळ्यांना कळतं. मग रात्री त्याच्या दाराशी मोटारसायकल थांबते.

सकाळी मी वहिनींना आणि पोराला समोर बसवलं. वहिनी म्हणाल्या, "आपण काही चोरी करतोय का? काम त्यांनाच मिळणार. आपल्या नुसत्या नावाचे पैसे." प्रश्न सरळ होता. मी पोराकडून कागद-पेन्सिल घेतली.

गल्ली साधारण शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद. अंदाजपत्रकात काँक्रीटची जाडी पंधरा सेंटीमीटर, म्हणजे आपल्या भाषेत सहा इंच. गुणाकार केला तर पंचेचाळीस घनमीटर काँक्रीट. तेच चार इंच, म्हणजे दहा सेंटीमीटर टाकलं तर तीस घनमीटर. पंधरा घनमीटर हवेत! वाचकांत गवंडीकाम करणारे पुष्कळ आहेत, त्यांनी ताळा करून पाहावा. एकास दोन, दोनास चार या मिश्रणाला घनमीटरमागे सहाच्या वर गोण्या सिमेंट लागतं. पंधरा घनमीटर म्हणजे नव्वदच्या वर गोण्या. खडी, वाळू, मजुरी वेगळी. खरी चुरस असेल तर ठेकेदार अंदाजपत्रकापेक्षा दहापंधरा टक्के कमी दर भरतो, तो फायदा नगरपरिषदेच्या तिजोरीला. चुरस नसेल तर दर अंदाजपत्रकाइतका किंवा थोडा चढाच. मधली रक्कम टक्केवारीत जाते आणि ती पुरली नाही की सिमेंटमधून काढतात. दोन पावसाळ्यांत रस्ता उखडतो, गटाराचं पाणी विहाराच्या पायरीशी येतं.

"वहिनी," मी म्हणालो, "या नव्वद गोण्यांपैकी तुमच्या पोराच्या वाट्याला आले पाच हजार. ते तुमच्याच दारातले."

वहिनी गप्प बसल्या. पण पोरगा शिकलेला आहे, तो गप्प कसा बसेल? म्हणाला, "काका, मी नाही दिली तर दुसरा कोणी देईल. काम तर त्यांनाच मिळेल. वर मी त्यांच्या डोळ्यांवर येईन. मग मला या गावात काम कोण देणार?"

याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. एवढंच सांगू शकलो की पुण्यात काय झालं ते आधी ऐक.

पुणे महानगरपालिकेने कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्रणांसाठी निविदा काढल्या होत्या. पुण्यातल्याच 'नागरिक चेतना मंच' या संस्थेला त्यात काळंबेरं दिसलं. त्यांनी दिल्लीच्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २००२ च्या स्पर्धा कायद्याने संगनमत करून निविदा भरणं हा गुन्ह्यासारखाच दंडनीय प्रकार ठरवला आहे. चौकशी झाली, आणि २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने निकाल दिला की एकाला काम मिळावं म्हणून बाकीच्यांनी नावापुरत्या निविदा भरल्या होत्या. ज्याला काम मिळालं त्याला दंड झालाच. पण ज्यांनी नुसतं नाव दिलं, त्यांनाही झाला! "आमचा तर हा धंदाच नव्हे," असं काहींनी सांगून पाहिलं. आयोगाने ते ऐकलं नाही. धंदा नव्हता तर निविदा कशाला भरली, एवढाच सवाल. कंपन्यांमागे उभ्या असलेल्या माणसांनाही व्यक्तिशः दंड झाले. काहींनी स्वतःहून कबुली देऊन दंडात सवलत मिळवली, म्हणजे भाऊबंदकी कुठवर टिकते तेही कळलं.

पोराचा चेहरा पडला. "म्हणजे किल्ली माझी, तर गुन्हाही माझा?"

"अरे, सही तुझी आहे!"

इथे थोडं विषयांतर करतो. आपल्या पोरांची नावं एवढी मोलाची का झाली, याचाही विचार केला पाहिजे. छोट्या कामांचा काही वाटा बेरोजगार अभियंत्यांना आणि मजूर संस्थांना राखून ठेवण्याचं धोरण आपल्या राज्यात आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये आदेश काढला की केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या एकूण खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लहान उद्योगांकडून व्हावी. शेजारच्या कर्नाटकात तर निविदांसाठी १९९९ चा स्वतंत्र कायदाच आहे. त्यात २०१६ साली दुरुस्ती करून पन्नास लाखांपर्यंतच्या बांधकामांत १७.१५ टक्के कामं अनुसूचित जातींच्या आणि ६.९५ टक्के अनुसूचित जमातींच्या ठेकेदारांसाठी राखून ठेवली. ही मर्यादा पुढे वाढवलीही. हे सगळं भांडून मिळवलेलं आहे. पण ज्याच्या नावावर काम निघतं त्याच्या हातात फावडंही नसतं आणि चेकबुकही नसतं, असं झालं तर राखीव काय राहिलं? नाव आपलं, बिल त्यांचं.

आणि ठेका म्हणजे काही रस्ते-गटारंच नव्हेत. आपल्या घरातल्या किती जणी-जण झाडू हातात घेऊन ठेक्यावर काम करतात! मजुरीचं काम असतं तेव्हा 'सगळ्यात कमी दर' याचा अर्थ सगळ्यात कमी पगार असा होतो. ठेकेदार दर पाडतो तो स्वतःच्या नफ्यातून नव्हे, बाईच्या पगारातून आणि प्रॉव्हिडंट फंडातून. म्हणून मला 'स्वस्तात स्वस्त' हा शब्दच पटत नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या केल्या. महापालिकेचे हे ठेके नुसता देखावा आहेत, माणसं खरी पालिकेचीच आहेत, असं शेवटी मानलं गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने २,७०० सफाई कामगार कायम झाले. त्यातले कित्येक निकालाची वाट पाहतच गेले होते. या विषयावर एकदा स्वतंत्र लिहीन.

तर पोराने किल्ली दिली नाही. उलट स्वतःच निविदा भरायची म्हणाला. बयाण्याला पैसे कुठले? वहिनींनी बचत गटातून उचलले. अंदाजपत्रकापेक्षा बारा टक्के कमी दर त्याने भरला. मी त्याला म्हणालो होतो, फार खाली जाऊ नकोस. फार कमी भरणाऱ्याकडून जादा अनामत मागतात, आणि तुला शेवटी रस्ता सहा इंचाचाच करायचा आहे.

निविदा दोन लिफाफ्यांची होती. लिफाफे आता कॉम्प्युटरातले, पण नाव तेच राहिलं. पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिला उघडला आणि आमचा पोरगा बाद! कारण काय? जागा पाहिल्याचा दाखला जोडला नाही. दाखल्यासाठी तो तीन वेळा कचेरीत गेला होता, तीनही वेळा साहेब साइटवर. ज्या गल्लीत तो लहानाचा मोठा झाला, ती गल्ली त्याने पाहिलेली नाही असं ठरलं.

इथे मला एक जुना खटला आठवला. आमच्या कचेरीत एक वकील यायचे, त्यांनी सांगितलेला. मुंबईच्या विमानतळावर एक दुय्यम दर्जाचं उपाहारगृह आणि दोन नाश्त्याची दुकानं चालवायला द्यायची होती. अट अशी की निविदा भरणारा नोंदणीकृत हॉटेलवाला असावा, निदान पाच वर्षांचा अनुभव असावा. काम दिलं ते अट पुरी न करणाऱ्याला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७९ साली न्यायमूर्ती भगवतींनी निकालात सांगितलं की सरकारने स्वतः घातलेली अट स्वतःच मोडता येणार नाही. सरकार ठेका देतं तेव्हाही संविधानाचं चौदावं कलम, म्हणजे समानतेचं कलम, लागू असतं. गंमत अशी की अर्जदाराला फायदा काहीच झाला नाही. एक तर तो उशिरा आला होता, आणि दुसऱ्याच कोणासाठी तो पुढे उभा राहिला आहे, असं न्यायालयाला दिसलं. म्हणजे तिथेही नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं!

मग आम्ही बघायचं ठरवलं की दाखल्याची अट बाकीच्या तिघांना लावली होती का. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज केला. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हे लक्षात ठेवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. आम्ही दोन अर्ज केले. एकात निविदेची फाइल प्रत्यक्ष पाहायला मागितली. पाहणीच्या पहिल्या तासाला फी नाही. दुसऱ्यात मंजूर अंदाजपत्रकाची आणि मोजमाप पुस्तकाची नक्कल. मोजमाप पुस्तक, ज्याला कचेरीत एम.बी. म्हणतात, तीच खरी पोथी. अभियंत्याने किती लांबी, किती रुंदी, किती जाडी मोजली हे तिच्यात लिहायचं आणि त्यावर बिल निघायचं. या कायद्याने चालू काम पाहण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार दिला आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

मोजमाप करणारेच फितूर झाले तर? तेही घडलेलं आहे. मुंबईत महापालिकेने ३४ रस्त्यांची चौकशी केली. त्यात कागदावरचं काम जमिनीवर सापडेना. एप्रिल २०१६ मध्ये सहा ठेकेदारांवर गुन्हे दाखल झाले, आणि काम तपासण्यासाठी नेमलेल्या बाहेरच्या संस्थांची माणसंही पुढे अटकेत गेली. राखणदाराचीही राखण करावी लागते.

दरम्यान काम सुरू झालंसुद्धा. कार्यारंभ आदेश निघाला, गल्लीच्या तोंडाशी खडी पडली. पण अंदाजपत्रकाची नक्कल तीस दिवसांच्या आत आमच्या हातात आली होती आणि तिच्यात सहा इंच स्पष्ट लिहिलेले होते. वहिनींनी काय करावं? तुळशीबागेतल्या जुन्या काठीवर बरोबर सहा इंचावर सुरीने खाच पाडली आणि ती दाराआड ठेवली. मागच्या गुरुवारी मजुरांनी काँक्रीट धरायला कडेच्या लोखंडी पाट्या लावायला घेतल्या. वहिनी काठी घेऊन गेल्या आणि पाटीला लावली. खाच पाटीच्या दोन इंच वर राहिली.

"हे काय रे बाबा?" त्यांनी मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" तोवर गल्लीतल्या आणखी सातआठ बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या दोघी आयुष्यभर बिगारी म्हणून काँक्रीटच्या पाट्या वाहिलेल्या. त्यांना काय कळतं ते त्यांनी मुकादमाला सविस्तर सांगितलं. मी मागे उभा होतो, मला तोंड उघडावंच लागलं नाही. पोराने अंदाजपत्रकाच्या पानाचा फोटो कनिष्ठ अभियंत्याला पाठवला आणि लेखी तक्रार आवक विभागात देऊन पोच घेतली.

शुक्रवारी चार इंची पाट्या टेम्पोत भरून नेल्या. सहा इंची अजून आलेल्या नाहीत, काम बंद आहे. गल्लीत खडीवरून चालावं लागतं म्हणून एकदोन घरांतून आमच्यावर बोटं मोडणंही चालू आहे. त्यांचंही खोटं नाही. म्हातारी माणसं आहेत, पाय मुरगळतात.

फाइल पाहायला येत्या बुधवारी अकरा वाजता बोलावलं आहे. त्याच कचेरीत मला चौतीस वर्षं काढलेली. कपाट कुठलं, ते मला ठाऊक आहे. पोरगा म्हणतो, काका तुम्ही या, पण बोलायचं मी. वहिनी डबा करून देणार आहेत.